शाहाजोग हुंडी

हल्ली कंपन्यांच्या कचेऱ्या गावोगाव पसरलेल्या, संगणकांनी एकमेकींशी जोडलेल्या, आणि आत चोर शिरू नये म्हणून त्यांना खुणेच्या शब्दांची कुलुपे! जुन्या पेढ्यांनाही हाच घोर असे. त्यांचा पैसा कागदावर बसून परमुलखात जाई. लक्ष्मीपूजनाला चोपड्या मांडल्या की मला हुंडी आठवते.

हुंडीत रक्कम नुसती लिहीत नसत. हजार रुपये असले, तर ‘निमे ५००, त्याची दुप्पट पुरे १०००’ असा उखाणाच घालीत. लबाडीने एक शून्य वाढवून भागेना. सारी ओळच बदलावी लागे. शिवाय सूचनेचे पत्र निराळे जाई.

खरी मेख मात्र ‘शाहाजोग’ या शब्दात. अशी हुंडी बाजारात पत असलेल्या शाहालाच पटायची. वाटमाऱ्याच्या हाती पडली, तरी कोणी शाहा गाठल्यावाचून तिचे पैसे होत नसत; आणि ती खोटी निघाल्यास रक्कम परत करण्याची जोखीम त्या शाहाच्या माथी! मग तो आणणाऱ्याला पारखून घेईलच. मला ही युक्ती कुलुपाहून पक्की वाटते. अर्थात परगावी ओळखपाळख नसलेल्या गरिबाला तिने दारही बंदच केले.

हुंडी गहाळ झाली तर पेठ, पेठ गहाळ झाली तर परपेठ. पैसे चुकते झाले की तिचा खोका होई. इंग्रजांनी १८८१ साली हुंड्या-चिठ्ठ्यांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या कागदांच्या स्थानिक रूढीला त्यांनी हात लावला नाही.