पाचवे शील आणि आमचे फौजी बंधू



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा आपल्या समाजाच्या सैनिकी परंपरेवर एक लेख असावा, असा सर्वांचाच आग्रह होता. लेख लिहायला बसलो आणि लक्षात आले की शौर्याची पाने आपण दरवर्षी लिहितो, त्यावर भाषणेही करतो. फौजेतून घरी आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे पान मात्र कोरेच राहते. आमच्या वस्तीत पेन्शनर पुष्कळ. त्यांतले कितीतरी जण दारूपायी गेले, हे आपण सारे जाणतो, पण जाहीरपणे बोलत नाही. म्हणून यंदा त्या पानाला हात घालतो आहोत. कुणाला टोचले तर क्षमा असावी.

आपला आणि लष्कराचा संबंध जुना आहे. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई लहान पोरांनाही ठाऊक आहे. त्या काळात मुंबई इलाख्याच्या पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. फौजेने आपल्या माणसाला पगार दिला, अक्षरओळख दिली आणि गावकीच्या कामातून बाहेर काढले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे महू येथे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. रामजीबाबा निवृत्त होऊन कोकणात दापोलीला आले. दापोली म्हणजे तेव्हा पेन्शनरांची वसाहतच. शिकलेले, स्वच्छ राहणारे, पोरांना शाळेत घालणारे हे लोक होते. रामजीबाबा कबीरपंथी, मद्य-मांसापासून दूर राहणारे. निवृत्त फौजीचे घर कसे असावे याचा नमुना पाहायचा तर हे घर पाहावे.

पुढे १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त फौजी. त्यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायत सरकारकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडलीही गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. भरतीसाठी आपल्या तीन पिढ्या झगडल्या. पण फौजेतून परत येणाऱ्यासाठी आपण काय उभे केले, असा प्रश्न कुणी विचारला तर मान खाली घालावी लागते.

आता दारूचे पाहू. छावणी आणि दारू यांचे नाते इंग्रजांच्या वेळेपासूनचे. गोऱ्या सोजिरांना रोजची दारू सरकारी हिशेबातच मिळे. तिचे दुष्परिणाम इतके झाले की १८६२ साली आग्रा येथे ग्रेगसन नावाच्या मिशनऱ्याने सोजिरांची दारूबंदी संस्था काढली, आणि १८८८ मध्ये सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने तिचे सबंध लष्करासाठी मोठ्या संघटनेत रूपांतर झाले. ब्रिटिश आरमारात तर खलाशाला रोज रम देण्याची पद्धत थेट ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली. म्हणजे सैनिकाच्या हातात पेला आधी सरकारनेच दिला आणि मग त्याच्या व्यसनाची चिंताही सरकारलाच करावी लागली.

आपल्या फौजेतही बर्फाच्या चौक्यांवर रम मिळते. थंडी, घरापासून दूर, शेजारचा जोडीदार गोळीने गेलेला. अशा वेळी तो घोट माणसाला आधार वाटतो. तिथे शिस्त असते, वरिष्ठांचे लक्ष असते, सकाळी परेड असते, म्हणून बहुतेकांचे पिणे हाताबाहेर जात नाही. शिपाई पस्तीस-चाळिशीत निवृत्त होऊन घरी येतो. परेड सुटते, बिगुल सुटतो, जोडीदार सुटतात. कॅन्टीनचे कार्ड आणि महिन्याचा कोटा मात्र सोबत येतो. गावात नोकरी मिळते ती वॉचमनची. ज्याने हाताखाली तीस-तीस माणसे वागवली, त्याला सोसायटीचे गेट उघडावे लागते. रात्री झोप लागत नाही, जुने काही डोळ्यांपुढे येते, सांगायचे कुणाला? मग पहिला पेग झोपेसाठी, दुसरा दुखण्यासाठी, आणि पुढे कारण लागतच नाही. आज अग्निवीर म्हणून गेलेल्या आपल्या पोरांपैकी बहुतेकांना तर चार वर्षांनीच, पेन्शनशिवाय परत यायचे आहे. त्यांचाही विचार आताच केला पाहिजे.

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे तर प्रतिज्ञा आहे! खरेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवे शीलही तेच सांगते. पण या शीलातला एक पाली शब्द नीट पाहण्यासारखा आहे. तो शब्द म्हणजे 'पमाद', अर्थात गाफिलपणा. दारू ही गाफिलपणाची जागा, म्हणून तिच्यापासून दूर राहायचे. पहाऱ्यावरच्या जवानाला गाफील राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दुसरे असे की शीलाला 'शिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याचा, सरावाचा नियम. म्हणूनच पंचशील एकदा घेऊन संपत नाही, आपण ते दर वंदनेला पुन्हा घेतो. ज्याचा नेम आज चुकला त्याला उस्ताद फायरिंग रेंजवरून हाकलून देत नाही, उद्या पुन्हा उभा करतो. शीलाचेही तसेच आहे, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

याच ठिकाणी एका परदेशी फौजीची हकिकत सांगतो, कारण तिचा धागा मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेतला बिल विल्सन हा पहिल्या महायुद्धातला लष्करी अधिकारी. १९१७ साली प्रशिक्षणाच्या काळात एका मेजवानीत त्याच्या हातात पहिल्यांदा पेला आला. फ्रान्सहून परत आल्यावर शेअर बाजारात नाव कमावले, पण दारूने सारे धुऊन नेले. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात त्याची दारू सुटली. पुढे मे १९३५ मध्ये तो धंद्यासाठी अॅक्रन गावी गेला असता सौदा फिसकटला. हॉटेलात एकटा उभा, शेजारीच बार. आता आपण पिणार असे त्याला वाटू लागले. तेव्हा त्याने चर्चच्या पाद्र्यांना फोन करून विचारले, "इथे माझ्यासारखा कुणी दारुड्या आहे का? मला त्याच्याशी बोलायचे आहे." त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी मनमोकळे बोलले की दोघेही त्या दिवसापुरते वाचतात, हे त्या दोघांना उमगले. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस. तोच 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजे ए. ए. चा स्थापना दिन मानतात. १९५७ च्या सुमारास ही चळवळ मुंबईत आली. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. आजच्या एका दिवसापुरते प्यायचे नाही, एवढाच निर्धार. आपल्या शिक्खापदाशी हे किती जुळते पाहा!

दुसरी हकिकत व्हिएतनाम युद्धाची. १९७१ साली अमेरिकेत एकच खळबळ उडाली की आपले जवान तिकडे हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. सरकारने मायदेशी परतण्याआधी प्रत्येकाची लघवी तपासायला सुरुवात केली. परत आलेल्या जवानांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषीने केला. तिकडे असताना सुमारे पाचातला एक जवान स्वतःला व्यसनी म्हणत होता. परंतु घरी आल्यावर पहिल्या वर्षात या व्यसनींपैकी पाच टक्क्यांच्या आसपासच लोक पुन्हा त्या जाळ्यात अडकले. जागा बदलली, सोबत बदलली, माल सहज मिळेनासा झाला, तेव्हा बहुतेकांचे व्यसन मागे पडले. आमच्या फौजीचे नेमके उलटे होते. त्याची चांगली सोबत सुटते आणि बाटली घरपोच राहते. त्याच अमेरिकेत १९७० च्या अखेरीस व्हिएतनामहून परतलेल्या जवानांनी न्यूयॉर्कमध्ये आपापसात बसून बोलण्याचे गट सुरू केले, आणि १९७९ साली सरकारला अशा केंद्रांसाठी कायदा करावा लागला.

आपल्या महाराष्ट्रात १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला येरवड्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पाठबळ दिले. सुरुवात गर्दच्या रुग्णांपासून झाली, पुढे दारूचे रुग्ण येऊ लागले. बरे झालेले रुग्णच तिथे नव्या रुग्णांचे आधार झाले. फौजीने फौजीशी बोलावे, ही वाट आपल्या घराजवळही होती.

आता आमची चूक सांगतो. विहारातल्या पोरांना १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी कवायत शिकवणारे एक निवृत्त हवालदार होते. त्यांचे नाव छापत नाही. एका बुद्ध पौर्णिमेला ते पिऊन आले. वंदना चालू होती. आम्ही कमिटीच्या चौघांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढले आणि आपण धम्माची शान राखली असे समजून परत येऊन बसलो. दोन दिवसांनी त्यांची पत्नी आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही त्यांना विहाराबाहेर काढलंत. मी कुठं काढू?" आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही.

त्या अपमानाने हवालदारांनी दारू एकदम बंद केली. आम्हाला वाटले, चला, डोस लागू पडला! तिसऱ्या रात्री त्यांना थरथर सुटली, घाम फुटला, भिंतीवर माणसे दिसू लागली, "पोझिशन घ्या!" म्हणून ओरडू लागले. शेजारच्या पोरांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले म्हणून वाचले. डॉक्टरांनी आम्हालाच झापले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, वात होऊन जीवही जाऊ शकतो. हे औषधोपचाराखालीच करायचे असते, हे आम्हाला तेव्हा कळले. ते पुढे दोनदा घसरले. दोन्ही वेळा आम्ही त्यांच्या घरी गेलो, दंडाला धरून या खेपेस आत आणले. आता दर शनिवारी विहाराच्या अभ्यासिकेत चार-पाच पेन्शनर बसतात, त्यांचा चहा हवालदारच करतात.

म्हणून ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे लिहितो. पहिले पाऊल डॉक्टरकडे. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना आहे. कार्ड असेल तर जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये मोकळेपणाने सांगावे, पुढे कुठे पाठवायचे ते तिथले डॉक्टर बघतात. कागदपत्रांची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे. कार्ड नसेल तर सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग सर्वांना खुला आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ या सरकारी क्रमांकांवर फोन केला तर मोफत सल्ला मिळतो. दुसरे, नवऱ्याला न सांगता चहात किंवा भाजीत दारू सोडवण्याचे औषध कालवू नये. त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतते. तिसरे, जिथे मारहाण करतात, बांधून ठेवतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, अशा केंद्रात माणूस टाकू नये. आधी केंद्राची नोंदणी पाहावी, तिथे डॉक्टर कोण आहे ते विचारावे. चौथे, उपचार संपले की काम संपले असे समजू नये. ए. ए. ची मीटिंग किंवा बरे झालेल्यांची सोबत पुढे कित्येक वर्षे लागते. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात. बायको-मुलांनीही आपले दुःख कुठेतरी मोकळे केले पाहिजे. आणि घसरला तर शिव्या न देता पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात करावी.

विहार कमिटीने ठरवले आहे की शनिवारची अभ्यासिका यापुढे या कामासाठी कायम मोकळी राहील. आत येणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतला जाणार नाही. तो फार प्यालेला असेल तर कुणीतरी सोबत जाऊन त्याला घरी सोडेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायला जाईल. कोरेगावला आपल्या माणसांनी जखमी जोडीदाराला टाकून पाय मागे घेतला नाही, असे आपण दर १ जानेवारीला अभिमानाने सांगतो. मग आपल्याच गल्लीत पडलेल्या जोडीदाराला आपण ओलांडून कसे जाणार?

ज्यांच्या घरी असा कुणी आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी सहा वाजता यावे. चहा तयार असतो.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!