झरियाची म्हातारी घर का सोडत नाही?

झारखंडातील झरियाच्या आगीची बातमी आली की तिच्यात एक म्हातारी हमखास असते. बोकापहाडी, लिलोरीपथरा अशा एखाद्या वस्तीतली. अंगणातल्या भेगेतून धूर निघतो, भिंती तडकल्या आहेत, खोकला जात नाही. तरी ती म्हणते, आम्ही इथून हलणार नाही. बातमीदार तिला अडाणी ठरवतो, नाहीतर 'मातीची माया' लिहून मोकळा होतो. आम्हाला दोन्ही मान्य नाही. पण आपल्याच चळवळीतले तरुण विचारतात, बाबासाहेबांनी तर गाव सोडा म्हणून सांगितले. मग जळत्या गावाला चिकटून बसलेल्या म्हातारीची बाजू आपण का घ्यायची?

प्रश्न रास्त आहे. त्यासाठी आधी ही आग कोणी लावली ते पाहू.

झरियाच्या कोळसापट्ट्यात पहिल्या आगीची नोंद १९१६ सालची आहे. ही काही दैवी आपत्ती नव्हे. जमिनीखाली कोळसा खणायचा, छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब ठेवायचे आणि झालेली पोकळी तशीच सोडून पुढे जायचे, ही खासगी मालकांची रीत होती. पोकळीत हवा शिरली की उरलेला कोळसा आपोआप तापतो आणि पेटतो. खांब जळाले की वरची जमीन खचते. इलाज तेव्हाही ठाऊक होता : पोकळीत वाळू भरणे. दामोदर नदी शेजारीच होती. पण वाळू भरायला पैसा लागतो, आणि वर राहणारे कोण? खाणीत उतरणारे बाउरी, संथाळ, त्यांच्यासारखेच इतर दलित-आदिवासी मजूर आणि त्यांची बायकापोरे. त्यांच्यासाठी कोण पैसा खर्च करतो! अखेर १९३९ साली सरकारला वाळूभरणीचा कायदा करून कोळशावर कर बसवावा लागला. पुढे याच कायद्याचे दुरुस्ती विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी केंद्रीय विधिमंडळात मांडले. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः या कोळसापट्ट्यात गेले, खाणीत उतरले, मजुरांची घरे आत जाऊन पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये खाणमजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. (युद्धकाळात स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठली तीही त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ साली, ती १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. आपण इतिहास सांगतो तेव्हा हेही लपवू नये.)

१९७१ ते १९७३ या काळात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. मालक बदलला, आग विझली नाही. उलट वरून जमीन उघडी करून खणणाऱ्या खुल्या खाणी वाढल्या, जुन्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि आगीला आणखी हवा मिळाली. मे २०१७ मध्ये झरियात एक बाप आणि त्याचा मुलगा अचानक खचलेल्या जमिनीत गडप झाले.

मग म्हातारी जात का नाही? ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राने झरियासाठी ७,११२ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात माणसांचे दोन भाग पाडले : ज्यांच्याकडे जमिनीचा कागद आहे ते, आणि ज्यांच्याकडे नाही ते. कागद नसलेल्याला बेलगडियाच्या वसाहतीत छोटे घर आणि ५०० दिवसांची किमान मजुरी. पाचशे एकाव्या दिवशी काय खायचे? झरियात निदान कोळसा वेचून, सायकलवर लादून विकता येतो. बेलगडियात कामच नाही. आणि कागद आणायचा कुठून? कंपनीनेच धौऱ्यात, म्हणजे मजुरांच्या चाळीत, आणून बसवलेल्या मजुराच्या नातीला सातबारा कोण देणार? म्हातारी हिशेब करते आहे. घर सोडले की मागणी करायची जागाही गेली, हे तिला पक्के कळते.

आता बाबासाहेबांच्या 'गाव सोडा'कडे येऊ. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत ठराव झाला : अस्पृश्यांना सवर्णांच्या गावांतून काढून स्वतंत्र वसाहती द्या. त्या वसाहती पडीक सरकारी जमिनीवर आणि सरकारच्या जबाबदारीवर उभ्या करायच्या होत्या. तिथे जाऊन स्वतःच्या जमिनीवर उभे राहायचे होते. बाबासाहेब झरियाला गेले ते या ठरावानंतर दीड वर्षाच्या आत. ज्यांनी जमीन हातात घेऊन गाव सोडायला सांगितले, त्यांचे नाव घेऊन कोणी रिकाम्या हाताने निघायला सांगत असेल तर ती फसवणूक आहे. हा माणूस आपल्यातला असला तरी.

जून २०२५ मध्ये सुधारित आराखडा आला, ५,९४० कोटींचा. त्यात कागद असो वा नसो, प्रत्येक विस्थापित कुटुंबाला एक लाखाचे उपजीविका अनुदान आणि तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. कर्ज फेडायचे ते रोजगार मिळाला तरच. तरीही जी गोष्ट म्हातारी हटून बसून सांगत होती ती दिल्लीला सोळा वर्षांनी थोडीशी ऐकू आली.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला जाऊन या. २६ ऑगस्ट २०२२ रोजी तिथल्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरची माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. विदर्भातल्या कोळसापट्ट्यात आपल्या किती वस्त्या अशा पोकळीवर उभ्या आहेत आणि त्यांतल्या कोणाच्या घराचा कागद कोणाच्या नावावर आहे, याची यादी तिथल्या कार्यकर्त्यांनी जमीन खचण्याआधी करायला घ्यावी.