दुष्काळात उपाशी कोण राहतं? : 1876 ते 1973

मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला गेला. पाऊस पडला नाही की पीक बुडतं, पीक बुडालं की माणूस गरीब होतो. मग त्यात जात, जमीन, बाई-पुरुष हे सगळं तुम्ही कुठून आणता? प्रश्न रास्त आहे. आम्ही ठरवलं की त्याला उत्तर म्हणून सिद्धान्त सांगण्याऐवजी आपल्या दख्खनचे दोन दुष्काळच समोर ठेवावेत. पहिला 1876 ते 78 चा. दुसरा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अजून बोलला जातो, तो बहात्तरचा. आमच्याकडे वय सांगताना 'बहात्तरच्या दुष्काळातला जन्म' असं म्हणणारी माणसं आहेत. जन्मतारीख माहीत नाही, पण दुष्काळ माहीत आहे.

1876 साली नगर, पुणे, सोलापूर, सातारा आणि खाली कलादगी, बेळगाव, धारवाडपर्यंत पाऊस गेला. मद्रास इलाख्यात आणि म्हैसूरमध्ये तर त्याहून वाईट अवस्था होती. ब्रिटिश मुलुखात मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या वर धरला जातो. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. धान्य बाजारात येत होतं. रेल्वे सोलापूरवरून रायचूरपर्यंत पोचलेली होती, वाघिणी भरून धान्य उतरत होतं, आणि देशातून बाहेर धान्य जाणंही थांबलं नव्हतं. मात्र भाव दुप्पट-तिप्पट झाले होते. म्हणजे स्टेशनावर पोती आहेत आणि त्या स्टेशनापासून दोन कोसांवर माणसं झाडपाला उकडून खातायत, असं ते चित्र होतं. 1880 च्या दुष्काळ आयोगालाही हे मान्य करावं लागलं की पाऊस गेला की आधी शेतातलं काम जातं, कामाबरोबर मजुरी जाते, आणि मजुरीवर जगणारा माणूस बाजारातल्या धान्याकडे नुसता बघत राहतो. पुढे शंभर वर्षांनी अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हाच मुद्दा फार काटेकोरपणे मांडला. आपल्या मजुरांना तो आधीपासून ठाऊक होता, हे वेगळं सांगायला नको.

तर मग उपाशी कोण राहिलं? गावात उतरंड असते, आणि दुष्काळ ती उतरंड खालून खायला लागतो.

ज्याच्या घरी पेव होतं, बळद होती, त्याला पहिलं वर्ष निघालं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. ज्वारी त्यात वर्षानुवर्षं राहते. ज्याच्याकडे पेव नाही पण जमीन आहे, तो आधी भांडी विकतो, मग बायकोच्या अंगावरचं चांदीचं, मग बैल, आणि अगदी शेवटी जमीन. हा क्रम ध्यानात ठेवा. बैल विकला की पुढच्या वर्षी पाऊस आला तरी पेरणी करता येत नाही, म्हणून माणूस बैलाला जिवापाड धरून ठेवतो. पण चाराच नसला तर धरून ठेवणार कसा? सगळ्यांनी एकाच महिन्यात बैल बाजारात आणले की बैल कवडीमोलाने जातो, आणि तो विकत घेणाराही कोणी तरी असतोच. दुष्काळ संपल्यावर कोणाची जमीन वाढलेली दिसते, हे पाहिलं की निम्मा इतिहास कळतो. साहुकारी पाशाची तक्रार तर आधीपासूनच होती. 1875 च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली ती दुष्काळाच्या आदल्याच वर्षी. सारा रोखीत भरायचा, रोख सावकाराकडून आणायची, आणि सावकाराचा कागद कोर्टात चालतो: ही व्यवस्था पाऊस चांगला असतानाच माणसाला कडेलोटापाशी आणून उभी करत होती.

आणि ज्याच्याकडे विकायला काहीच नाही? महारवाडा, मांगवाडा इथला माणूस गावकामाच्या बदल्यात बलुत्यावर जगत होता. खळ्यावर धान्य आलं की त्यातला वाटा मागायचा. आता खळंच नाही, तर वाटा कसला? कुणबी निदान आपलं पीक बुडालं असं म्हणू शकत होता. याचं स्वतःचं म्हणून पीकच नव्हतं, त्यामुळे याचं नुकसान कुठल्याही खात्यात नोंदवलं जात नव्हतं. मेलेल्या जनावरावर त्याचा 'हक्क' होता. दुष्काळात गुरं पटापट मरतात, तेव्हा हा हक्क थोडे दिवस पोट भरतो आणि मग गुरंही संपतात. 'हक्क' हा शब्द आम्ही अवतरणात टाकला आहे. वतन म्हणून जे मिरवलं गेलं तो माणसाला गावाशी बांधून ठेवणारा दोर होता, हे पुढे डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महारवतनाच्या दुरुस्तीचं विधेयक आणून सांगितलं, आणि ती वतनं कायद्याने जायला 1958 साल उजाडावं लागलं.

विणकरांचं आणखी निराळं. सोलापूरचा साळी, कोष्टी, मोमीन शेतकरी नव्हता. पाऊस गेला तेव्हा त्याचा माग बिघडला नव्हता, सूत संपलं नव्हतं. पण उपाशी गाव लुगडं विकत घेत नाही. पीक शेतकऱ्याचं बुडालं आणि माग विणकराचा बंद पडला. त्याला सरकारने सांगितलं, खडी फोड. ज्याने जन्मभर सूत हाताळलं त्याच्या हाताला खडी फुटते का? त्याच सुमारास, 1877 मध्ये, सोलापूरची जुनी गिरणी सुरू झाली. माग बुडालेल्या शहरात गिरणीला मजूर शोधत फिरावं लागलं नसणार, असं आमचं अनुमान आहे. अनुमान म्हणूनच घ्या.

आता सरकारच्या मदतीकडे येऊ, कारण आजच्या विषयाचं मर्म तिथे आहे. गरीब कोण, हे मदतीच्या नियमांनी ठरवलं. 1877 च्या जानेवारीत दिल्लीला राणीला सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार भरला, आणि त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवलं. खर्च कमी करा, हा हुकूम. टेंपलसाहेबांनी दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, बाईला त्याहून कमी. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मजुरीला उघड विरोध केला. सरकारी नोकरीत राहून केला, हे नोंदवून ठेवायला हवं.

मजुरीपेक्षाही आम्हाला दुसरी अट जास्त बोलकी वाटते. ती अंतराची. गावाजवळच्या कामावर कोणीही येईल, खरा गरजू कोण हे कळणार नाही. तेव्हा मजुराला घरापासून दहा मैलांच्या पलीकडे, छावणीत राहायला लावा. जो एवढं करून येईल तो खरा भुकेला. वरवर पाहता युक्तिवाद सरळ वाटतो. पण दहा मैल कोण चालू शकतं? धडधाकट पुरुष. अंगावर पाजणारी बाई नाही चालू शकत, म्हातारा नाही, तापाने खंगलेला नाही. घरी एक शेरडू जरी शिल्लक असेल तर ते सोडून जाता येत नाही. आणि छावणीत सगळ्यांनी एकत्र राहायचं, तिथे पाणी कोणी कोणाच्या हातचं प्यायचं हा प्रश्न आलाच. म्हणजे परीक्षा भुकेची म्हणायची, आणि तीत नापास व्हायचे सगळ्यात भुकेले.

लोकांनी हे निमूटपणे सोसलं नाही. पुणे सार्वजनिक सभा गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने 1870 पासून काम करत होती. तिने गावोगावहून दुष्काळाची माहिती गोळा केली, सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले. हजारो मजुरांनी दूरच्या छावण्यांवर कमी मजुरीत जायला नकार दिला. उपाशी माणसाने मदत नाकारून केलेला हा संप आहे! शाळेच्या पुस्तकात याला एक ओळ मिळाली तरी खूप. महात्मा फुले आणि सत्यशोधक समाज यांनी धनकवडीला बालाश्रम काढून मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. वासुदेव बळवंत फडके याच काळात गावं पाहत फिरले, आणि 1879 साली त्यांनी काय केलं ते आपण जाणताच.

एक आडवी गोष्ट सांगतो. या दुष्काळांच्या मृत्युनोंदींत बायकांपेक्षा पुरुष जास्त मेलेले दिसतात. म्हणून कोणी म्हणेल, बघा, बायकांना त्रास कमी झाला. मृत्यू आणि उपासमार यांची मोजमापं एकच नाहीत. शिवाय फार माणसं पटकी आणि तापाने गेली, त्यातलीही कितीतरी पाऊस परत आल्यानंतर, जेव्हा वर्तमानपत्रांतला दुष्काळ संपला होता. आकडा कोणता बघतो त्यावर गरीब कोण हे बदलतं.

आकड्यांचंच निघालं म्हणून: 1876 सालीच दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. माणशी वर्षाला वीस रुपये उत्पन्न, आणि तुरुंगातल्या कैद्याला पोसायला लागणारा खर्च त्याहून जास्त, हा त्यांचा हिशेब. सरकारला तो झोंबला. पण हा सरासरीचा हिशेब होता. सरासरीत पेववाला आणि येसकर एकाच ओळीत बसतात. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, 1971 मध्ये, पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सरासरी फोडली. 1960-61 च्या किमतींनी खेड्यात महिन्याला माणशी पंधरा रुपये ही रेषा धरली, आणि खेड्यातली सुमारे चाळीस टक्के माणसं तिच्या खाली आहेत असं दाखवलं. ती कोण? भूमिहीन आणि तुकड्यावरचे शेतकरी. उपायही सांगितला: काम द्या, मागेल त्याला काम द्या.

मग 1972 आला. दोन वर्षं आधीच कोरडी गेलेली, हे तिसरं. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. राज्याची लोकसंख्या पाच कोटी. दहात एक माणूस रस्त्यावर, पाझर तलावावर, नाला बंडिंगवर. सुकडी वाटली जात होती, रेशनला तांबडा मिलो मिळत होता. ज्यांनी ती भाकरी खाल्ली त्यांना तिची चव अजून सांगता येते, आणि ती चांगली सांगत नाहीत. पण 1877 सारखी माणसं मेली नाहीत. पाऊस तितकाच गेला होता, तरीही. फरक कामाचा होता, मजुरीचा होता, आणि माणसं मोर्चे काढत होती, आमदारांना गाठत होती, त्या मतांचा होता. वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला कामाच्या हमीचा प्रयोग करून पाहिला होता. त्यातून रोजगार हमी कायदा 1977 मध्ये झाला, 1979 च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. आणि 2005 च्या केंद्रीय कायद्यात लिहिलं गेलं की काम पाच किलोमीटरच्या आत द्या, पलीकडे दिलंत तर दहा टक्के मजुरी जास्त द्या. टेंपलसाहेबांचे दहा मैल आठवा. 1877 मध्ये अंतर ही मजुराची परीक्षा होती. इथे अंतराचा दंड सरकारला.

म्हणून बहात्तरला सगळं सुरळीत झालं असं समजू नका. त्याच साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यात बावड्याला दलितांवर बहिष्कार पडला. दलित पँथर उभी राहिली ती याच वर्षी. विहिरी आटल्या की शेवटच्या विहिरीवर कोणाचा अधिकार, हे जातच सांगत होती, आणि कोणत्याही मजुरीने ते पाणी विकत मिळत नव्हतं. कामावर बायकांची संख्या प्रचंड होती. घरातला पुरुष मुंबईला किंवा बागायती मुलखात गेलेला, मागे राहिलेली बाई पाटी उचलत होती. मजुरी कामाच्या मोजमापावर. मोजायला कारकून पंधरा दिवसांनी येणार. चारी भरून आली तर पैसे, आणि तिच्या पाटीचा खेप-हिशेब टोळीत धरलेला.

हे दृश्य तिथेच राहिलेलं नाही. बहात्तरनंतर बीड, नगर, उस्मानाबादकडची माणसं ऊसतोडीला जात राहिली, आणखी मोठ्या संख्येने गेली. तिथे मजुरांची गणती माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघं मिळून एक. मुकादम दसऱ्याच्या आसपास जी उचल देतो ती त्या कोयत्यावर देतो, आणि ती घेतो पुरुष. पहाटे फडात उतरून मोळ्या बांधणारी, डोक्यावरून गाडीत भरणारी, वर चूल पेटवणारी बाई हिशेबात आहे, अर्ध्या कोयत्याएवढी. पण तिच्या नावाची वेगळी ओळ त्या वहीत नसते. गावी त्याच घराची पाहणी करायला कोणी गेलं तर दारिद्र्यरेषेच्या यादीत कुटुंब म्हणून एकच नाव चढतं, आणि जानेवारीत गेलं तर घराला कुलूप असतं.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या वेळी वेळ संपला म्हणून ज्या ताईंचा प्रश्न राहिला होता, त्यांनी आधी विचारावा.