‘नांदायला ये’ म्हणणारा कायदा आला कुठून?

घटस्फोटाच्या कायद्याचा इतिहास म्हटला की आपण बहुधा १९५५ पासून सुरुवात करतो. हिंदू विवाह कायदा आला आणि लग्न मोडायची सोय झाली, असं आपण धरून चालतो. आज जरा मागे जाऊ. लग्न मोडण्याचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे जोडीदाराला नांदायला लावण्याचा दावा आला. तो आजही आहे. वकील मंडळी त्याला नुसतं ‘कलम ९’ म्हणतात. तो आला कुठून आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच आज पाहायचं आहे.

पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात घेऊ. लग्न मोडणं आपल्या समाजाला अगदीच नवं नव्हतं. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विवाह अतूट मानला जाई, हे खरं. पण महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पंचांसमोर काडीमोड होई, सोडचिठ्ठी मिळे आणि बाई पाट लावून दुसरा संसार मांडू शके. इंग्रजी कोर्टं आली तशी या रिवाजाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. १८७६ मध्ये शंभू रघू खटल्यात मुंबई हायकोर्टाने सांगितलं, की विवाह रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. म्हणजे बाहेर पडायची जुनी वाट अरुंद झाली. आणि नेमक्या याच काळात नांदायला लावण्याचा दावा कोर्टात रुळत होता. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात असे दावे दिवाणी कोर्टात चालतील असा निर्णय दिला होता.

आता रखमाबाईंकडे येऊ. त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झालं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. बघा, रखमाबाईंनी घटस्फोट मागितला नव्हता. मागायचा तरी कुठे? तसा कायदाच नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं : समज नसताना लावून दिलेल्या लग्नासाठी आम्हाला त्या घरी जायची सक्ती करू नका.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. एक म्हणजे, हे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग ‘पुन्हा’ नांदायला लावायचं म्हणजे काय? दुसरं म्हणजे, हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच. तो इंग्लंडहून आला. आणि इंग्लंडमध्ये तो कुठून आला? तर चर्चच्या न्यायालयांतून, जिथे विवाह हा धार्मिक संस्कार होता.

पण अपिलात हा निकाल टिकला नाही. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी प्रकरण परत पाठवलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळवलं, की तुरुंग पत्करू. ‘केसरी’ने रखमाबाईंवर आणि सुधारकांवर कडाडून टीका केली, हिंदू धर्मात ढवळाढवळ होते आहे, अशी ओरड झाली. गंमत अशी, की धर्मरक्षणाच्या नावाने जो दावा उचलून धरला जात होता, तो विलायतेतल्या चर्चचा होता. आणि खुद्द इंग्लंडने या दाव्यातली कैद १८८४ मध्येच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, काढून टाकली होती!

शेवटी जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. लक्षात घ्या, लग्न मोडलं नाही. फक्त हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली गेली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोट इथे वर्षानुवर्षं काम केलं.

आपल्याकडची कैद १९२३ मध्ये गेली. मालमत्ता जप्तीची तरतूद मात्र राहिली. घटस्फोटाचे कायदे बडोदा संस्थानात १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाले. मग १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला. त्यात घटस्फोट आला, रूढीने चालत आलेला काडीमोड कलम २९ ने राखला गेला, आणि कलम ९ मध्ये तो जुना दावाही बसला. चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबरला, रखमाबाई वारल्या. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने पुसून टाकला. आपण ठेवला.

ठेवला, पण त्याचा उपयोग पालटला. आज हुकूम झाल्यावर वर्षभर दोघं एकत्र आली नाहीत, तर दोघांपैकी कुणीही त्याच आधारावर घटस्फोट मागू शकतं. सरोज राणी प्रकरणात, १९८४ साली, नेमकं हेच झालं. नांदवून घ्या म्हणून दावा पत्नीने लावला, पतीने संमतीने हुकूम होऊ दिला, आणि वर्ष उलटल्यावर त्याच हुकमावर त्याने घटस्फोट मागितला. सुप्रीम कोर्टाने तो दिला, आणि कलम ९ घटनेला धरून आहे असंही ठरवलं. त्याच्या आदल्याच वर्षी आंध्र प्रदेश हायकोर्टाने सरिता खटल्यात हे कलम खासगीपणावर घाला म्हणून घटनाबाह्य ठरवलं होतं.

आपल्या ओळखीत कुणाला अशी नोटीस आली, की घरातली माणसं दोन गोष्टी सांगतात : ‘आता जावंच लागेल’ किंवा ‘नाही गेलीस तर पोटगी बुडेल’. दोन्ही तितकं खरं नाही. पोलीस पाठवून कुणाला नांदायला नेता येत नाही. आणि हुकूम मोडला एवढ्याच कारणाने पत्नीची पोटगी आपोआप बंद होत नाही, न जाण्याची कारणं पाहावी लागतात, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. नोटिशीला उत्तर मात्र द्यायलाच हवं. न दिल्यास एकतर्फी हुकूम होतो, आणि वर्षभराने तोच घटस्फोटाचं कारण बनू शकतो.

पिन्हे साहेबांनी विचारलेला प्रश्न, की हा दावा आपल्याला हवाच कशाला, तो मात्र अजून सुटलेला नाही. तो आपल्यापुढेच आहे.