सुताराचा दाखला

मांजरेच्या खोऱ्यांतील केज १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं होतें. पण इतर मराठी मुलखाप्रमाणें तेथेंही सुतार हा बलुतेदारच. बापाच्या हाताखालीं मुलगा वाकस धरी, मग नांगर-कुळव घडवी. सर्वांत कठीण काम गाडीच्या चाकाचें. बाभळीचे आरे तुंब्यांत सैल बसले, तर लोहारानें तापवून चढविलेली धांव निवतांना कितीही आवळली तरी चाक टिकत नसे. विद्या पुरी झाल्याचा कागद कोणी देत नसे. खळ्यावर मिळणारें बलुतें हाच दाखला. पुढें १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें परीक्षा व प्रमाणपत्र आलें. तें इष्टच, जातीबाहेरच्या मुलासही त्यानें वाट मिळाली. परंतु भरल्या गाडीखालीं रस्ता जी परीक्षा घेई, तिचें विस्मरण होऊं नये, असें आम्हांस वाटतें.