रामदासांच्या ओव्या आणि १९७४ची तबकडी

घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या परिसरातच जांब समर्थ आहे. १६०८ साली रामदास जन्मले ते इथे. शिवरायांना उद्देशून त्यांनी लिहिलेला 'निश्चयाचा महामेरू' आज शाळेतली पोरंसुद्धा चालीवर म्हणतात. ती चाल मात्र कुठल्या मठातून आलेली नाही. ती आली १९७४च्या एका तबकडीवरून.

राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचं ते वर्ष. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लताबाईंचा आवाज आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन असा त्या तबकडीचा, म्हणजे 'शिवकल्याण राजा'चा, घाट होता. रामदास, भूषण, गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज अशी तीन शतकांतली कविता एका सूत्रात ओवलेली. युद्धाच्या धामधुमीत जिजाऊंची अंगाईही येते. 'सरणार कधी रण'मध्ये तर घायाळ बाजीप्रभूंचं बोलणं बाईच्या आवाजात ऐकू येतं. हे धाडसच होतं, आणि ते कुणालाही खटकलं नाही, यातच त्या चालीचं बळ दिसतं.

तिकडे इंग्लंडातही असाच खटाटोप चालला होता. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांना तीन मिनिटांच्या सुट्या गाण्याचा कंटाळा आला होता. त्यांना अख्ख्या तबकडीत एक गोष्ट सांगायची होती. जेथ्रो टलने १९७२ साली एकच गाणं दोन्ही बाजूंवर पसरलं. रिक वेकमनने १९७४ सालीच ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासावर तबकडी काढली. तिच्यातही निवेदक होता! हृदयनाथ आणि वेकमन या दोघांनी एकमेकांचं ऐकलं असण्याची शक्यता नाही. पण एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं देणारी एलपी दोन्हीकडे तीच होती.

अशी सलग तबकडी लोकांना आवडतही होती. याच प्रोग्रेसिव्ह रॉकमधली पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' १९८८पर्यंत अमेरिकेच्या खपाच्या यादीत ७४१ आठवडे राहिली. नुसत्या त्या प्रकाराच्या निष्ठावंतांच्या जिवावर एवढं होत नाही.

'शिवकल्याण राजा'ही असाच लोकांत पसरला, पण तुकड्यातुकड्यांनी. एलपीनंतर कॅसेट आली, मग सीडी, मग मोबाइल. 'वेडात मराठे' स्नेहसंमेलनात गेलं, 'निश्चयाचा महामेरू' शिवजयंतीच्या मंडपात. या वाटचालीत निवेदन गळालं आणि गाण्यांचा क्रमही विस्कटला. मिरवणुकीत ही गाणी वाजवणाऱ्या कित्येकांना त्या तबकडीचं नावही ठाऊक नसतं.

येत्या १९ फेब्रुवारीला मंडळांनी डीजेला घटकाभर विश्रांती द्यावी आणि ही तबकडी एकदा निवेदनासकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावावी.