रोमच्या वक्तृत्वशाळा

प्राचीन रोममध्ये सुस्थितीतल्या घरच्या मुलाचे शिक्षण तीन टप्प्यांत होई. पहिल्या शाळेत लिहिणे, वाचणे आणि हिशेब. पुढे व्याकरणगुरूकडे भाषा आणि काव्य. आणि साधारण चौदा-पंधराव्या वर्षापासून वक्तृत्वगुरूकडे भाषणाचा अभ्यास. शेवटच्या टप्प्याला सर्वाधिक मान होता, कारण सिनेट, न्यायालय आणि नागरिकांच्या सभा या तिन्ही ठिकाणी माणसाचे वजन त्याच्या बोलण्यावर ठरे.

ही विद्या मूळची ग्रीकांची, आणि रोमने ती सुखासुखी स्वीकारली नाही. इ.स.पू. १६१ मध्ये सिनेटने तत्त्वज्ञांना आणि वक्तृत्वगुरूंना शहरात थारा देऊ नये असा ठराव केला. इ.स.पू. ९२ मध्ये लॅटिनमधून वक्तृत्व शिकवणाऱ्या नव्या शाळांविषयी दोन सेन्सॉरांनी, म्हणजे नागरिकांच्या नोंदी आणि आचरणावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, जाहीर नापसंतीचा आदेश काढला. वाडवडिलांच्या रीतीत तरुणाने एखाद्या अनुभवी वक्त्याबरोबर न्यायालयात जाऊन, पाहून आणि ऐकून शिकायचे असे. शाळा त्या रीतीला धरून नाहीत, हा आक्षेप होता. तरीही शाळा टिकल्या. इ.स.पू. ८० च्या आसपास हेरेनियस नावाच्या गृहस्थाला उद्देशून चार भागांचा एक लॅटिन ग्रंथ लिहिला गेला. त्याचा कर्ता अज्ञात आहे. अनेक शतके तो प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो याच्या नावावर चालला. भाषणाची तयारी कशी शिकवली जाई, हे त्यातून नेमके कळते.

या ग्रंथानुसार वक्त्याची कामे पाच: मुद्दे शोधणे, त्यांची मांडणी करणे, त्यांना योग्य भाषा देणे, भाषण स्मरणात ठेवणे आणि ते सादर करणे. भाषणाचे भाग सहा: प्रस्तावना, हकिगत, वादाच्या मुद्द्यांची विभागणी, स्वतःच्या बाजूचे पुरावे, प्रतिपक्षाचे खंडन आणि समारोप. पाठांतरासाठी ओळखीच्या जागा क्रमाने मनात धरून प्रत्येक जागी एकेका मुद्द्याची ठसठशीत प्रतिमा ठेवायची. क्रम चुकू नये म्हणून दर पाचव्या जागेला खूण करायची, जसे पाचव्या जागी सोन्याचा हात. स्मरणशक्तीला किती महत्त्व होते, हे थोरल्या सेनेकाच्या आठवणींवरून दिसते. दोनशेहून अधिक सहाध्यायांनी म्हटलेली एकेक ओळ आपण शेवटाकडून सुरुवातीपर्यंत म्हणून दाखवत असू, असे त्याने लिहिले आहे.

याच सेनेकाने म्हातारपणी मुलांसाठी शाळांतील अभ्यासभाषणांचा संग्रह केला. ही भाषणे दोन प्रकारची. सुआसोरिया हा सल्ल्याचा प्रकार लहान विद्यार्थ्यांना आधी दिला जाई. त्यात इतिहासातील किंवा पुराणकथेतील एखादी व्यक्ती निर्णयाच्या क्षणी उभी असे आणि विद्यार्थ्याने तिचे मन वळवायचे असे. सेनेकाच्या संग्रहात असे सात विषय उरले आहेत: अलेक्झांडरने महासागर ओलांडावा का, थर्मोपिलीच्या खिंडीतील तीनशे स्पार्टनांनी माघार घ्यावी का, सिसेरोने जीव वाचवण्यासाठी अँटनीची क्षमा मागावी का, इत्यादी. कोण कोणाला सल्ला देतो आहे, याचे भान ठेवूनच शब्द निवडावे लागत. काँट्रोव्हर्सिया हा दुसरा प्रकार अधिक कठीण. एखादा कायदा आणि त्याला अडचणीत आणणारा काल्पनिक खटला देऊन त्यात वादी किंवा प्रतिवादी म्हणून बोलायचे असे.

साम्राज्याच्या काळात सिनेटमधील खरी चर्चा आक्रसली, तशी शाळेतली भाषणे करमणुकीकडे झुकली. खटल्यांमध्ये समुद्री चाचे, जुलमी सत्ताधीश आणि दुष्ट सावत्र आया यांची गर्दी झाली. पेट्रोनियस आणि टॅसिटस या दोघांच्याही लेखनात या शिक्षणावर कडक टीका आढळते: शाळेत शिकलेला तरुण न्यायालयात उभा राहिला की त्याला कामाचे काहीच येत नाही.

या टीकेला विधायक उत्तर दिले ते क्विंटिलियनने. आजच्या स्पेनमधील कालाओर्रा येथे इ.स. ३५ च्या सुमारास जन्मलेल्या या शिक्षकाला सम्राट व्हेस्पेशियनने सरकारी खजिन्यातून वेतन दिले. वीस वर्षे शिकवल्यानंतर, पहिल्या शतकाच्या अखेरीस, त्याने बारा भागांचा ग्रंथ लिहिला. अभ्यासभाषणे त्याला हवी होती. मात्र विषय वास्तवाजवळचे असावेत, असा त्याचा आग्रह होता. वर्गात जागेवरून उठून एकमेकांची वाहवा करण्याची मुलांची सवय त्याला घातक वाटे, आणि मुलांना मारण्यालाही त्याचा विरोध होता. लहान वयात भाषा थोडी फुलोऱ्याची झाली तरी चालेल, वय वाढले की ती आपोआप आवरते. मुळात कोरडेपणा असेल तर त्यावर उपाय नाही, असे त्याचे मत होते.

तयारीविषयीच्या त्याच्या सूचना अगदी व्यवहारी आहेत. भाषण ज्या मेणपाट्यांवर लिहिले त्यांवरूनच पाठ करावे, म्हणजे ओळींच्या जागा डोळ्यांसमोर राहतात. मध्ये एक रात्र गेली की पाठांतर पक्के होते. हात डोळ्यांच्या वर आणि छातीच्या खाली नेऊ नये, केवळ डाव्या हाताने हावभाव करू नयेत. या सर्वांच्या वर त्याने चारित्र्य ठेवले. जो माणूस चांगला नाही तो खरा वक्ता होऊच शकत नाही, ही त्याची ठाम भूमिका होती. म्हणून त्याच्या शिक्षणक्रमात वाचन, इतिहास आणि नीती यांना भाषणकलेइतकेच स्थान आहे.

मध्ययुगात क्विंटिलियनचा हा ग्रंथ बहुतांशी तुटक रूपातच वाचला जाई. १४१६ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी याला स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या मठात त्याची संपूर्ण प्रत सापडली आणि युरोपच्या शाळांत तो पुन्हा पोहोचला. १५६२ मध्ये पोर्तुगालमधील कॉइंब्रा येथे सिप्रियान सोआरेस या जेझुइट पाद्र्याने ॲरिस्टॉटल, सिसेरो आणि क्विंटिलियन यांच्या आधारे शालेय पुस्तक छापले. १५९९ च्या जेझुइट शिक्षणक्रमात भाषा-साहित्याच्या शालेय वर्गांपैकी सर्वांत वरच्या वर्गाला वक्तृत्वाचेच नाव मिळाले. रोमच्या शाळांनी घालून दिलेला मुद्दे, मांडणी, भाषा, स्मरण आणि सादरीकरण हा क्रम अशा रीतीने नव्या काळातील शालेय शिक्षणात रुजला.